कोर्टाच्या पायरीअलीकडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, हैदराबाद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर. विषय : ‘पॅरालीगल अभ्यासक्रम घरबसल्या शिकण्यासाठी काय लागते?’)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी बोललेल्या विद्वान वक्त्यांनी आपणांस संतवाङ्मय ऐकविले, नाट्यसंगीताची मैफल घडविली. त्यानंतर माझ्यासारख्या निवृत्त हिशेबनिसाने कायद्यासारख्या रुक्ष विषयावर बोलावे, हा रसभंगच आहे. परंतु कार्यकारी मंडळाने आग्रह धरला आणि मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. कारण या विषयामागे माझे एक जुने ऋण आहे. त्याचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

मी या शहरात आलो तो १९७४ साली. त्यावेळी आमच्या कचेरीत लातूरकडील एक गृहस्थ होते. वयाने माझ्याहून थोडे वडील, स्वभावाने अबोल. १९९० साली ते अकस्मात निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी एक कागद घेऊन माझ्या घरी आल्या. गावच्या तलाठ्याकडून आलेली ती मराठी नोटीस होती. त्यांची मुले तेलुगू माध्यमात शिकलेली, स्वतः वहिनी जेमतेम चौथीपर्यंत. “भावजी, तुम्ही शिकलेले, यात काय म्हटलं आहे ते सांगा,” एवढेच त्या म्हणाल्या. मी कागद वाचला. अक्षर न् अक्षर मराठीच होते. पण ‘फेरफार’, ‘वारस नोंद’, ‘हरकत’ या शब्दांचा व्यवहारातला अर्थ मला ठाऊक नव्हता. आपले अज्ञान कबूल करण्याऐवजी मी म्हणालो, “सरकारी कागद आहे, घाबरण्यासारखे काही नाही. दिवाळीला गावी जाल तेव्हा चौकशी करा.” दिवाळीपूर्वीच हरकतीची मुदत सरली, आणि सासऱ्यांच्या सात एकरांवर एकट्या दिरांचे नाव लागले.

१९९७ साली त्या पुन्हा आल्या. “आता काही करता येईल का?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “सहा वर्षे होऊन गेली, मुदत टळली. शिवाय वकिलाचा खर्च तुम्हांला झेपायचा नाही.” त्या काही न बोलता गेल्या. पुढे पुष्कळ वर्षांनी मी या विषयाचा अभ्यास केला, तेव्हा मला कळले की माझी दोन्ही विधाने चुकीची होती. फेरफार नोंद ही महसुलाच्या कामासाठी असते. तिने कोणाची मालकी जात नाही किंवा येत नाही. अविभक्त कुटुंबाच्या मालमत्तेतून वगळलेल्या माणसाला, वगळल्याचे कळल्यापासून १२ वर्षांपर्यंत दावा लावता येतो. आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आलेल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे मुदतही होती, वकीलही होता. नव्हता तो एवढे सांगणारा माणूस. वहिनी आज हयात नाहीत. त्यांच्यापाशी मी हे कबूल करू शकलो नाही, म्हणून आपणांसमोर करीत आहे.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. ती खोटी नाही. पण कोर्टाची पायरी चढावी लागू नये म्हणूनच त्या पायरीअलीकडे कोणीतरी जाणता माणूस उभा असावा लागतो. नोटीस वाचून अर्थ सांगणारा, अर्ज लिहून देणारा, कोणत्या कचेरीत कोणत्या मुदतीत जायचे ते समजावणारा, आणि जिथे वकिलाचेच काम आहे तिथे ‘आता वकिलाकडे चला’ असे प्रामाणिकपणे सांगणारा. अशा माणसाला आज पॅरालीगल म्हणतात. मराठीत आपण त्यास विधी सहायक म्हणू.

हा माणूस आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. इंग्रजी अमदानीत १८७९ च्या कायद्याने वकिलांबरोबर मुखत्यार आणि महसुली कामाचे प्रतिनिधी अशा पायऱ्या मान्य केल्या होत्या. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने वकिलांचा एकच वर्ग केला. ते योग्यच झाले. पण त्यामुळे खालची पायरी रिकामी पडली, आणि ती कचेऱ्यांबाहेर बसणाऱ्या दलालांनी व्यापली. ती जागा प्रामाणिक माणसांनी कशी भरावी, हा प्रश्न पुढे अनेक समित्यांपुढे आला. गरिबांना कायद्याचे साहाय्य कसे द्यावे याचा विचार करण्यासाठी मुंबई प्रांतात १९४९ सालीच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती, हे आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘३९ अ’ हे कलम आले आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तुरुंगातील माणसाला निकालपत्राची प्रत आणि अपिलासाठी वकील मोफत मिळालाच पाहिजे. १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा संमत झाला, आणि २००९ साली राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘पॅरालीगल व्हॉलंटिअर’ म्हणजे विधी स्वयंसेवकांची योजना आखली.

आता मुख्य विषयाकडे वळतो. या शिक्षणासाठी काय लागते?

प्रथम एक भेद स्पष्ट करतो; कारण त्यातच बहुतेकांची फसगत होते. ‘पॅरालीगल’ या एका शब्दाला निरनिराळ्या देशांत निरनिराळा अर्थ आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे परदेशी आहेत, म्हणून सांगतो. अमेरिकेत पॅरालीगल हा वकिलाच्या हाताखाली पगारी काम करणारा साहाय्यक असतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००७ पासून त्याला वकिलांच्या संस्थेचा परवाना घ्यावा लागतो, आणि परवान्यानंतर ठरावीक प्रकारची कामे तो स्वतः चालवू शकतो. भारतात असा परवानाही नाही आणि अशी नोंदवहीही नाही. येथे विधी सहायक तीन ठिकाणी दिसतो: वकिलांच्या वा कंपन्यांच्या कचेरीत नोकर म्हणून, सेवाभावी संस्थेत कार्यकर्ता म्हणून, आणि विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक म्हणून. तेव्हा परदेशी संस्थेचा ऑनलाईन अभ्यासक्रम घेताना ‘हे शिक्षण मला कोठे उपयोगी पडणार?’ हा प्रश्न आधी विचारावा. अमेरिकेतील कार्यपद्धती कितीही मन लावून शिकलात, तरी तिच्या बळावर लातूरचा सातबारा वाचता येणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पॅरालीगल अभ्यासक्रम करून कोणी वकील होत नाही. कायद्याची पदवी दूरस्थ वा ऑनलाईन पद्धतीने देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी ज्या विषयांना या पद्धतीची मनाई केली आहे, त्यांत कायदा आहे. वकिलीची सनद हवी असेल तर बार कौन्सिलने मान्य केलेल्या महाविद्यालयात नियमित हजेरी लावूनच तीन वा पाच वर्षांची पदवी घ्यावी लागते. सनदेवाचून न्यायालयात वकिली करणाऱ्यास १९६१ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणून ‘घरबसल्या वकील व्हा’ अशी जाहिरात दिसली की पाकीट खिशातच ठेवावे.

हे मी अनुभवाने सांगतो. निवृत्तीनंतर या विषयाकडे वळलो, तेव्हा पहिल्यांदा मीही फसलो. त्या संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. तीन महिन्यांत ‘प्रमाणित पॅरालीगल’ करून देण्याचे आश्वासन होते. मी शुल्क भरले. काही ध्वनिचित्रफिती आल्या, शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा झाली. तीत दोनदा चुकलो तर तिसऱ्यांदा उत्तर आपोआप दाखविले गेले! सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र आले, ते आजही कपाटात आहे. ते कोणत्या विद्यापीठाचे, कोणत्या मान्यतेचे, हे त्यावर कुठेही लिहिलेले नाही. प्रवेशाआधी पाहायच्या चार गोष्टी मी त्या प्रमाणपत्रावरून शिकलो: प्रमाणपत्र देणारी संस्था विद्यापीठ आहे की खाजगी वर्ग, त्या विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणाची आयोगाची मान्यता चालू वर्षासाठी आहे काय, परीक्षा कोण घेतो, आणि अभ्यासक्रम कोणत्या साली सुधारलेला आहे.

शेवटचा प्रश्न आज विशेष महत्त्वाचा झाला आहे. १८६० ची दंडसंहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा यांच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. जुन्या पुस्तकावरून शिकणारा विद्यार्थी फिर्याद नोंदविण्याचे कलम १५४ सांगेल. आज ते १७३ आहे. त्यात गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेण्याची, आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविल्यास तीन दिवसांत सही करण्याची तरतूद आहे. ज्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात हा बदल नाही, तो घेऊ नये.

आता प्रवेशाची पात्रता. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ च्या कायद्याने स्थापन झाले. आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले पुढे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले, हे मुद्दाम सांगतो. घरी बसून शिकणाऱ्यांसाठी एका मराठी माणसाने आयुष्य वेचले, याचे आपणांस समाधान वाटावे. इंदिरा गांधी विद्यापीठाने पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका आखली, तिला बारावी उत्तीर्ण एवढीच शैक्षणिक अट ठेवली. वयाचे बंधन नाही. प्रवेशाची सत्रे जानेवारी आणि जुलै अशी दोन, व सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन असतात. ज्या सत्रात प्रवेश घ्यावयाचा त्या सत्राची माहितीपुस्तिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच वाचावी, मध्यस्थाच्या तोंडून ऐकू नये. अभ्यासक्रम त्या वर्षी चालू आहे काय, माध्यम कोणते, परीक्षाकेंद्र कोठे, हे सर्व तिथेच कळते. दहावी-बारावीची गुणपत्रके, ओळखीचा पुरावा, छायाचित्र व सही यांच्या संगणकीय प्रती आधीच करून ठेवाव्यात. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी त्याचा पुरावाही जवळ ठेवावा. ऐनवेळी तेथेच अर्ज अडतो.

वेळेचा हिशेब मात्र प्रवेशाआधी मांडावा. मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. ३० श्रेयांकांचा अभ्यासक्रम एका वर्षात पुरा करावयाचा म्हटले तर ९०० तास होतात, म्हणजे दररोज जवळजवळ अडीच तास. नोकरी सांभाळणाऱ्यास वा घर सांभाळणारीस ते सोपे नाही. म्हणून विद्यापीठे जास्तीची मुदत देतात. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही. मला स्वतःला सहासष्टाव्या वर्षी सुरुवात करून दुप्पट वेळ लागला. स्वाध्याय लिहिताना हात थरथरे, नात हसे, पण लिहिले.

साधने थोडकी पुरतात. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर व्याख्यान ऐकता येते, परंतु अधिनियमाचे कलम, त्याचे उपकलम आणि त्याचा अपवाद एकत्र वाचावयास संगणकच हवा. देवनागरीत टंकलेखन यावे. अर्ज मराठीत वा हिंदीत लिहिताना त्याची गरज पडते. बाकीचे साहित्य सरकारने विनामूल्य केले आहे. इंडिया कोड या संकेतस्थळावर केंद्रीय अधिनियमांची अद्ययावत संहिता मिळते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल जानेवारी २०२३ पासून मोफत शोधता येतात, आणि त्यांतील पुष्कळांचे मराठी भाषांतरही उपलब्ध आहे. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठापुढील सुनावणी घरी बसून पाहता येते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी मंचावर कायद्याच्या अनेक विषयांची व्याख्याने आहेत. पूर्वी यांपैकी एक पुस्तक पाहण्यासाठी वकिलाच्या कपाटापुढे हात जोडावे लागत.

तथापि, बंधुभगिनींनो, पडद्यावर न शिकता येणारा भागही मोठा आहे. आपली न्यायालये खुली असतात. कोणीही मागच्या बाकावर बसून कामकाज पाहू शकतो. मी दर बुधवारी जात असे. पहिल्या महिन्यात काहीच कळले नाही. दुसऱ्या महिन्यात कळले की बहुतेक माणसे हरतात ती कायद्यामुळे नव्हे. कागद वेळेवर न दिल्यामुळे, तारीख चुकल्यामुळे, सही कोठे केली ते न वाचल्यामुळे. लोकअदालत अवश्य पाहावी. तिच्यात उभयपक्षी झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी बंधनकारक असते व तिच्यावर अपील नाही; म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती शांतपणे वाचून दाखविणाऱ्या माणसाचे मोल तिथे जाऊनच समजते.

ज्यांना पदविका नको, केवळ सेवा करावयाची आहे, त्यांच्यासाठी विधी स्वयंसेवकाचा मार्ग खुला आहे. शक्यतो शालान्त परीक्षा उत्तीर्ण असावे, एवढीच शिक्षणाची अपेक्षा. योजनेत शिक्षक, निवृत्त सरकारी नोकर, ज्येष्ठ नागरिक, समाजकार्याचे विद्यार्थी, अंगणवाडी सेविका, डॉक्टर, महिला गटांच्या सदस्या, इतकेच नव्हे तर दीर्घ शिक्षा भोगणारे चांगल्या वर्तणुकीचे सुशिक्षित बंदीही सांगितले आहेत. अर्ज जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करावयाचा. त्याची कचेरी बहुधा न्यायालयाच्या आवारातच असते. निवड झाल्यावर प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळते. हा व्यवसाय नव्हे. नेमून दिलेल्या कामाच्या दिवसांचे मानधन मिळते, पण साहाय्य मागणाऱ्याकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही.

या शेवटच्या अटीवर मी किंचित थांबतो. विधी सहायक आणि दलाल दोघेही फाटकाशी उभे असतात. दोघांनाही कचेरीची वाट ठाऊक असते. वकिलांकडे गिऱ्हाईक वळवून दलाली खाणाऱ्यांविरुद्ध २०२३ साली अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये दुरुस्ती करून शिक्षेची तरतूद झाली. पण कायद्याने आखलेल्या रेषेआधी मनाची रेषा हवी. पैसा घ्यावयाचा नाही, ऐकलेले बाहेर सांगावयाचे नाही, निकाल काय लागेल याचे भाकीत करावयाचे नाही, आणि माहीत नसेल तेव्हा ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ असे म्हणावयाचे. हे चौथे सर्वांत अवघड आहे. १९९१ साली मला तेवढेच साधले असते, तर सात एकरांतील एका विधवेचा वाटा गेला नसता.

आपण दूरदेशी राहणारी मराठी कुटुंबे. आपली निकड दुहेरी आहे. घराचा भाडेकरार, पोलीस ठाण्यातील नोंद, शाळेचा दाखला, हे सारे येथील तेलुगूत वा इंग्रजीत; आणि वाडवडिलांचा जमीनजुमला तिकडे मराठीत. मुलांना एक येते, आपल्याला दुसरे. सुदैवाने शब्दांचा पूल आहे. वकील, दावा, जामीन, फिर्याद हे फारसी-अरबीतून आलेले शब्द मराठीत आहेत तसेच थोड्या फरकाने तेलुगूतही आहेत; निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत मराठवाडा व हे शहर एका छत्राखाली होते, त्या इतिहासाचा एवढा तरी लाभ घ्यावा. सातबारा उतारा आज संगणकावर इथूनच काढता येतो. खटल्याच्या सोळा अक्षरांकांच्या क्रमांकावरून पुढची तारीख घरी कळते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपल्या राहत्या गावी करता येते आणि ती स्वतः चालविता येते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची जरुरी नाही. या सभागृहातील किती भगिनींना गावाहून ‘हक्कसोडपत्रावर सही करून पाठव’ असा निरोप आला असेल! सही करावी की न करावी, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण आपण काय सोडीत आहोत, हे कळून सोडावे.

म्हणून माझी या मंडळाला एक विनंती आहे. पन्नास वर्षांत आपण गणेशोत्सव, नाटके, वाचनालय हे सारे उभे केले. एक्कावन्नाव्या वर्षी आपल्यातील तिघांनी हे शिक्षण घ्यावे: एकाला तेलुगू उत्तम यावी, एकाला मराठी कागद वाचता यावा, आणि तिघांपैकी निदान एक स्त्री असावी, कारण काही गोष्टी स्त्री स्त्रीपाशीच बोलते. वाचनालयाचे टेबल दर रविवारी सकाळी दोन तास त्यांच्यासाठी मोकळे ठेवावे. तिथे सल्ला विकला जाणार नाही. फक्त कागद वाचला जाईल, मुदत मोजली जाईल, आणि योग्य दाराचा पत्ता सांगितला जाईल. टेबलाचा चौथा पाय म्हणून मी आहेच.

या रविवारी एखादी माउली कागद घेऊन आली, तर ‘घाबरण्यासारखे काही नाही’ असे तिला सांगण्यापूर्वी तो कागद आपण शेवटच्या ओळीपर्यंत वाचू. एवढे झाले तरी माझे अर्धे ऋण फिटेल. उरलेले अर्धे फिटण्याजोगे नाही.